फ्रेशवॉटरची फळी

संपादक मंडळाचा निरोप असा होता : स्मरणिकेत आपल्या मंडळाचा इतिहास येईलच, पण ज्या शहरानं आपल्याला जागा दिली त्या सिडनीतल्या एखाद्या जुन्या संस्थेचाही यावा. मी फ्रेशवॉटर सर्फ लाइफ सेव्हिंग क्लब निवडला. कारण घरगुती आहे. आम्ही डी व्हायला राहतो आणि उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी मुलीला फ्रेशवॉटरच्या वाळूवर 'निपर्स'ला, म्हणजे मुलांच्या जीवरक्षण वर्गाला, घेऊन जातो. गुलाबी बंड्या घातलेली पोरं पाण्यात घुसतात आणि आम्ही आईबाप वाळूत उभे राहून चहाच्या आठवणीवर कॉफी पितो.

आधी 'सर्फ' या शब्दाचं सांगतो. आपल्याकडे सर्फ म्हटलं की कपडे धुण्याची पावडर आठवते. इथे सर्फ म्हणजे किनाऱ्याशी येऊन फुटणाऱ्या लाटांचं पाणी. फेस दोन्हीकडे आहे, एवढंच काय ते साम्य. या फुटत्या लाटांत शिरणं, त्यांच्यावर स्वार होणं आणि त्यांत बुडणाऱ्याला बाहेर काढणं या तीन गोष्टींभोवती इथल्या किनाऱ्यावरच्या संस्था उभ्या राहिल्या. फ्रेशवॉटरचा क्लब १९०८ सालचा. मॅनलीच्या उत्तरेला, दोन खडकाळ टेकाडांच्या मध्ये बसलेली ही लहानशी पुळण. गोड्या पाण्याचा एक ओढा इथे समुद्राला मिळायचा, म्हणून फ्रेशवॉटर.

क्लबाच्या जन्माआधीचं थोडं सांगायला हवं, कारण स्थापनेच्या तारखेनं सुरू होणाऱ्या इतिहासात खरी मंडळी बाहेर राहतात.

मॅनली हे नावच मुळात इथल्या मूळ रहिवाशांवरून पडलं. १७८८ मध्ये गव्हर्नर फिलिपला खाडीत भेटलेले आदिवासी पुरुष त्याला इतके ताठ आणि मर्दानी वाटले की त्यानं जागेलाच तसं नाव दिलं. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली आणि सिडनीच्या आसपासच्या आदिवासी वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. नाव राहिलं. त्यानंतर शंभर वर्षं गोऱ्या वसाहतीला समुद्र दिसायचा तो बंदरातूनच. दिवसाउजेडी उघड्या समुद्रात आंघोळ करणं हा कायद्यानं गुन्हा होता. सकाळी सहा ते रात्री आठ पाण्यात उतरायचं नाही. ऑक्टोबर १९०२ मध्ये विल्यम गॉकर नावाच्या स्थानिक संपादकानं स्वतःच्याच वर्तमानपत्रात आगाऊ जाहीर करून भर दुपारी मॅनलीच्या लाटांत उडी घेतली. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कपडे घालून, हे वेगळं सांगायला नको. पोलिसांनी अखेर त्याला पाण्याबाहेर काढलं, पण खटला काही भरला नाही. पुढच्या वर्षी मॅनलीच्या नगरपालिकेनं बंदी उठवली. संपादकानं आधी बातमी छापायची आणि मग ती घडवायची, ही रीत आपल्याकडच्या वृत्तपत्रांनाही अपरिचित नाही.

बंदी उठली आणि लोक पाण्यात आले. पण पोहता कुणाला येत होतं?

लाटेवर नुसत्या अंगानं तरंगत किनाऱ्यापर्यंत येण्याची विद्या मॅनलीच्या पोरांना शिकवली ती टॉमी टान्ना नावाच्या तरुणानं, बंदी असतानाच, १८९० च्या दशकात. तो तिथल्या एका घरी बागकाम करायचा. मूळचा न्यू हेब्रिडीजमधल्या, म्हणजे आजच्या वानुआतूमधल्या, टान्ना बेटावरचा. त्याचं खरं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. टान्नाचा म्हणून टान्ना. आपल्याकडेही गावावरून आडनाव पडतं, पण वेंगुर्लेकर स्वतःला वेंगुर्लेकर म्हणवतो आणि पाटीवर लिहितो. टॉमीला ते दुसऱ्यांनी चिकटवलं होतं. त्याच्याकडून फ्रेडी विल्यम्स नावाच्या गोऱ्या मुलानं ही कला उचलली, त्याच्याकडून इतरांनी. जवळपास त्याच काळात सॉलोमन बेटांवरून आलेला ॲलिक विकम सिडनीच्या तलावांत हात फिरवत, पाय मारत पोहायचा. ती पद्धत पाहून शहर थक्क झालं, आणि पुढे तीच 'ऑस्ट्रेलियन क्रॉल' म्हणून जगभर गेली.

आता तारखा जुळवून पाहा. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि नव्या संसदेनं पहिल्याच वर्षी दोन कायदे केले. एकानं गोरे नसलेल्यांना येण्याची दारं बंद झाली. दुसऱ्यानं पॅसिफिक बेटांवरून आणलेल्या मजुरांना परत पाठवायचं ठरलं. १९०६ पासून १९०८ पर्यंत हजारोंना जहाजात घालून धाडलं. म्हणजे ज्या वर्षी फ्रेशवॉटरच्या तरुणांनी लाटांत बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी क्लब काढला, त्याच वर्षाच्या आसपास लाटांची विद्या देणाऱ्यांच्या भाऊबंदांची रवानगी पूर्ण होत होती. क्लबाच्या संस्थापकांचा यात काही हात होता असं मी म्हणत नाही. ती मंडळी आठवडाभर शहरात नोकरी करायची, शनिवारी बोटीनं मॅनलीला यायची आणि फ्रेशवॉटरच्या झुडपांत तंबू नाहीतर लाकडी खोपटी ठोकून राहायची. या खोपटांना 'कॅम्प' म्हणत. बहुतेक सगळे सडे. स्वयंपाक स्वतःचा, धुणं स्वतःचं आणि समुद्र दाराशी.

बुडणाऱ्याला काढायचं तंत्र तेव्हा नुकतंच जमत होतं. किनाऱ्यांवरच्या सुट्या सुट्या गटांनी १९०७ मध्ये एक संघटना बांधली. दक्षिणेकडच्या बाँडाय किनाऱ्यावर रिळाची कल्पना निघाली : लाकडी चौकटीवर मोठं रीळ, त्याला लांबच लांब दोर, दोराच्या टोकाला पट्टा. एक जण पट्टा कमरेला बांधून बुडणाऱ्याकडे पोहत जायचा. मागे बाकीचे डोक्यावर दोर धरून रांगेत, कमरेएवढ्या पाण्यात. त्यानं माणूस धरला की हात वर करायचा, मग किनाऱ्यावरचे रीळ फिरवायचे. वेग फार झाला तर दोघंही पाण्याखाली, कमी पडला तर लाट गाठणार. दोर शेवाळात अडकला तर वाचवणाराच जायचा. हे सगळं फुकट, शनिवार-रविवारचं. जानेवारी १९०७ मध्ये बाँडायच्या स्वयंसेवकांनी नऊ वर्षांच्या एका मुलाला असंच मरणाच्या दारातून ओढून आणलं. तो चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ. १९२८ मध्ये त्यानं विमानानं सगळा पॅसिफिक ओलांडला, आणि सिडनीचा विमानतळ आज त्याच्या नावाचा आहे. आपण मुंबईहून येऊन उतरतो तो तिथेच.

१९१० पासून 'ब्राँझ मेडलियन'ची परीक्षा सुरू झाली. जीवरक्षकाची मुख्य परीक्षा तीच. आजही तीच आहे.

आता फळीकडे, म्हणजे लाटेवर उभं राहायच्या सर्फबोर्डकडे, येतो. तिच्यामुळेच हा छोटा क्लब जगाला माहीत झाला.

होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर वाढलेला ड्यूक काहानामोकू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्यात पहिला आला. तो पहिला येण्यामागे मॅनलीचा एक माणूस होता, आणि ही हकीकत मला क्लबाच्या सगळ्या ट्रॉफ्यांपेक्षा मोठी वाटते. उपांत्य फेरीच्या वेळेचा घोटाळा झाला. ड्यूक आणि त्याचे दोन अमेरिकन साथी स्पर्धेला हजरच झाले नाहीत आणि बाद ठरले. उरलेल्यांत सुवर्णपदकाची सर्वाधिक आशा होती ती सिसिल हीलीला. हीली मॅनलीचा, लाटांत माणसं वाचवणारा गडी. त्यानं आग्रह धरला की या तिघांना आणखी एक संधी द्या, त्यांच्याविना जिंकण्यात अर्थ नाही. संधी मिळाली. अंतिम फेरीत ड्यूक पहिला, हीली दुसरा. पुढे त्या ओळखीतूनच ड्यूकला ऑस्ट्रेलियात बोलावण्याचा घाट घातला गेला. हीली सैन्यात गेला आणि २९ ऑगस्ट १९१८ रोजी फ्रान्समध्ये मोंट सेंट क्वेंटिनला गोळ्यांना बळी पडला. सांघिक शर्यतीत त्याला सुवर्ण मिळालेलं होतं; युद्धात पडलेला तो एकमेव ऑस्ट्रेलियन ऑलिंपिक सुवर्णविजेता.

ड्यूक १९१४ च्या डिसेंबरात सिडनीला आला तो तलावातल्या शर्यतींसाठी. २ जानेवारी १९१५ ला त्यानं डोमेनच्या तलावात शंभर यार्ड ५३.८ सेकंदांत पार करून जागतिक विक्रमही केला. पण गावाला हवी होती ती त्याची दुसरी करामत, लाटेवर उभं राहण्याची. फळी त्यानं आणली नव्हती. मग शुगर पाइन जातीच्या लाकडाची एक जाड फळी एका लाकडाच्या वखारीतून मिळवली आणि ती त्यानं स्वतः तासली. साडेआठेक फूट लांब, पुढे निमुळती, वजन तीस किलोच्या वर. खाली सुकाणूसारखा पर नाही, काही नाही. आजची फळी काखेत मारून पोर धावतं. ही उचलायलाच दणकट गडी हवा.

फ्रेशवॉटरला तो डोनाल्ड मॅकिंटायर यांच्या 'बूमरँग' नावाच्या कॅम्पात उतरला, म्हणजे त्याच सड्यांच्या खोपटांत. नाताळाच्या आदल्या दिवशी पत्रकारांसमोर पहिलं दर्शन झालं आणि रविवार, १० जानेवारी १९१५ ला भर गर्दीपुढे दुसरं. फळीवर पालथं पडून हातांनी पाणी कापत तो लाटा फुटतात त्याच्याही पलीकडे गेला, थांबला, पाठीमागून येणारी लाट नजरेनं निवडली, आणि ती खाली आली तसा उभा राहिला. सरळ किनाऱ्याकडे न येता लाटेच्या उतारावरून तिरका गेला. पाहणाऱ्यांसाठी हे नवं होतं.

'ऑस्ट्रेलियातलं पहिलं सर्फिंग' असं याचं वर्णन अनेक फलकांवर दिसतं. ते खरं नाही. टॉमी वॉकर नावाच्या खलाशानं १९०९ मध्येच हवाईहून फळी आणली होती, १९१२ मध्ये आणखी एक आली, मॅनलीची काही मुलं-मुली त्यांवर धडपडतही होती. पण धडपड आणि विद्या यांत फरक असतो. गाणं घरोघरी असतं, तरी गावात एखादा बुवा येऊन बैठक करून जातो तेव्हाच कानाला सूर कळतो. ड्यूकनं फ्रेशवॉटरला तेवढं केलं. पाहुणा म्हणून आला म्हणून खांद्यावर मिरवला, बिऱ्हाड करायला आला असता तर त्याच्या सावळ्या रंगाला या देशाचं दार सहज उघडलं नसतं. क्लबाच्या अभिमानाच्या कथेतलं हे पान मोठ्यानं वाचलं जात नाही. वाचलं जावं.

त्याच उन्हाळ्यात ड्यूकनं पंधरा वर्षांच्या एका मुलीला आपल्या फळीवर पुढे घेतलं. इझाबेल लेदम. घर फ्रेशवॉटरला, पाण्याला न भिणारी पोर. लाटेच्या माथ्यावरून खाली पाहिलं की कड्यावरून पाहिल्यासारखं होतं. पहिल्या दोन-तीन वेळा ती घाबरली, मग त्यानं मानगुटीला धरून उभी केली, असं तीच पुढे सांगायची. क्लबातल्या सांगण्यानुसार हे फ्रेशवॉटरला घडलं. वर्तमानपत्रातली नोंद मात्र फेब्रुवारीतल्या आमच्या डी व्हायची आहे. डी व्हायकर म्हणून माझा कल कुठे, हे सांगायला नको.

इझाबेल अमेरिकेला गेली, पोहणं शिकवू लागली, सॅन फ्रान्सिस्कोत नाव कमावलं. तिथल्या किनाऱ्यांवर सिडनीची जीवरक्षणाची पद्धत न्यावी असं तिच्या मनात आलं आणि तिनं मॅनलीच्या क्लबाकडे सभासदत्व मागितलं. नकार आला : खवळलेल्या समुद्रात बाईला निभणार नाही. ज्या मुलीला दहा वर्षांपूर्वी गावानं डोळे विस्फारून लाटेवर पाहिलं होतं, तिला हे उत्तर! बायकांना जीवरक्षक म्हणून पूर्ण सभासदत्व मिळायला १९८० उजाडलं. तोवर या क्लबांतल्या बायकांनी सँडविचेस केली, निधी गोळा केला, भिजलेल्या पोरांना टॉवेल दिले. मंडळाच्या सभासद भगिनींना हे वर्णन ओळखीचं वाटलं तर तो दोष माझा नाही. इझाबेल १९२९ मध्ये परतली आणि आयुष्यभर याच भागातल्या मुलांना पोहायला शिकवत राहिली. १९९५ मध्ये ती गेली. तिची रक्षा फ्रेशवॉटरच्या लाटांत सोडली. तोवर याच किनारपट्टीवरच्या पॅम बरिजनं १९९० चं जगज्जेतेपद आणलं होतं, आणि पुढे मॅनलीच्या लेन बीचलीनं ते सात वेळा आणलं.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. ड्यूकनं जाताना फळी मॅनलीच्या क्लॉड वेस्ट या पोराला दिली. त्यानं तिच्यावरून स्पर्धा जिंकल्या आणि माणसंही वाचवली. कालांतरानं ती फ्रेशवॉटरच्या क्लबाकडे आली. उपनगराचं नाव मधल्या काळात बदलून हारबर्ड झालं होतं, ते २००८ मध्ये पुन्हा फ्रेशवॉटर झालं. क्लबानं मात्र जुनं नाव कधी सोडलं नाही. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकच्या निमित्तानं ड्यूक पुन्हा आला. पिकलेल्या केसांचा, तरी तसाच ताठ.

त्याच वर्षी अमेरिकन जीवरक्षकांनी बाल्सा लाकडाच्या हलक्या, आखूड फळ्या आणल्या आणि क्लबांचं गणित बिघडलं. फळी हलकी झाली तशी ती जीवरक्षकाच्या हातातून निसटून कुणाही पोराच्या काखेत गेली. फ्रेशवॉटरच्या पाठीला लागून असलेल्या ब्रुकव्हेलमध्ये फळ्यांचे कारखाने निघाले; आधी बाल्सा, मग फोम आणि फायबर ग्लास. मोटारीच्या टपावर फळी बांधून लाट असेल तिकडे जाणारी पिढी तयार झाली. तिला कवायत नको, गस्त नको, शिट्टी नको. क्लबवाले त्यांना आळशी म्हणत, ते क्लबवाल्यांना शिपाई म्हणत. फळ्यांची नोंदणी, पोहणाऱ्यांच्या हद्दीत बंदी, जप्ती, सगळं झालं. १९६४ मध्ये पहिली जागतिक सर्फिंग स्पर्धा मॅनलीला भरली, मिजेट फॅरेली आणि फिलिस ओ'डॉनेल हे दोघे ऑस्ट्रेलियन जिंकले, आणि भांडण आपोआप थंडावलं. जिंकणाऱ्याला कोण आळशी म्हणणार? २०१२ मध्ये मॅनली-फ्रेशवॉटरचा पट्टा जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. उत्तरेकडच्या टेकाडावर ड्यूकचा पुतळा आहे, फळीवर उभा.

रीळ आता समारंभापुरतं उरलं आहे. रबरी मोटारबोटी आणि बचावाच्या फळ्या आल्या. गस्त मात्र अजून फुकटचीच. पगारी जीवरक्षक नगरपालिकेचे. शनिवार-रविवारी लाल-पिवळ्या टोप्यांत उभे असतात ते क्लबाचे स्वयंसेवक. कुणी प्लंबर, कुणी दंतवैद्य, कुणी बँकेतला. गेल्या हंगामात एक दिवस निपर्सच्या मास्तरीणबाई पोरांना ओरडून सांगत होत्या की समुद्राकडे कधी पाठ करायची नाही. माझी वेंगुर्ल्याची आजी ओट्यावर बसून हेच म्हणायची : "दर्याक पाठ दाखवू नको." मुलीला म्हटलं, बघ, पणजीचंच सांगतायत. तिनं तोंड वेंगाडलं आणि पाण्यात गेली.

आपल्या मंडळींसाठी एक सूचना लिहूनच लेख संपवतो. फ्रेशवॉटरला गेलात की पाणी जिथे शांत आणि गडद दिसतं, लाट फुटत नाही, तिथे पोरांना घेऊन उतरू नका. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. लाटांनी आत लोटलेलं पाणी तिथल्या चरीतून समुद्राकडे परत धावत असतं. आपल्याकडे त्याला ओढ म्हणतात. ओढीत सापडलात तर तिच्या विरुद्ध पोहू नका, तरंगत राहा आणि हात वर करा. सप्टेंबरअखेरीपासून एप्रिलअखेरीपर्यंत शनिवार-रविवारी लाल-पिवळी निशाणं लावलेली असतात. गोव्याच्या किनाऱ्यांवर दिसतात तशीच. त्यांच्या मधेच उतरा. आणि अंग पुसून झालं की क्लबात विचारून काचेमागची ती ड्यूकची फळी पाहून या.